बँकेच्या नावाने आलेला केवायसीचा ईमेल खरा की खोटा, हे कसं ओळखायचं?

तुम्हाला ईमेल आलाय की आज रात्री बारापर्यंत केवायसी अपडेट केलं नाही तर खातं गोठवलं जाईल. लोगो बरोबर, भाषा शुद्ध, खाली शाखेचा पत्तासुद्धा. आता तो खरा की खोटा हे कसं ओळखू, असा तुमचा प्रश्न आहे. मी म्हणेन, ओळखायच्या भानगडीतच पडू नका. ईमेल खरा असला तरी त्यातल्या लिंकवरून बँकेत जायचं नाही. बँकेचं ॲप आपल्या हाताने उघडा. केवायसी खरंच बाकी असेल तर तिथे दिसेल. नाही दिसलं तर शाखेत जाऊन विचारा.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. मी अठ्ठावीस वर्षं बँकेत होतो. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' ही सूचना शाखेच्या भिंतीवर मी स्वतः चिकटवलेली आहे. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मला क्रेडिट कार्डाचा ईमेल आला: तुमचे ८,७५० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज संपतायत. त्या बँकेचं कार्ड माझ्याकडे होतंच, बिलही त्याच आठवड्यात आलेलं. लिंक उघडली, कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडेही टाकले. ओटीपी आला तेव्हा चष्मा आतल्या खोलीत. बायकोला म्हटलं, जरा वाचून सांग गं. तिने आकडे सांगायच्या आधी अख्खा मेसेज वाचला आणि विचारलं, "अहो, हे एकोणपन्नास हजार नऊशे कशाचे?"

तेवढ्यावर वाचलो. पॉइंट मिळवायला ओटीपी लागतोच कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पडला तिला. लगेच कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन करून कार्ड बंद केलं, कारण नंबर तर मी आधीच देऊन बसलो होतो. म्हणून ओटीपीच्या मेसेजमधले फक्त सहा आकडे बघू नका. तो कशासाठी आहे आणि किती रकमेचा आहे, हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. मोबाइलवर वरच्या पट्टीत नेमके आकडेच दिसतात आणि घोटाळा तिथे होतो.

आता तुमच्या केवायसीकडे वळू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कमी जोखमीच्या खात्याचं केवायसी १० वर्षांतून एकदा नव्याने करायचं असतं, मध्यम जोखमीचं ८ आणि जास्त जोखमीचं २ वर्षांतून. साधी पगाराची, पेन्शनची खाती बहुतेक कमी जोखमीतच मोडतात. २०२५ च्या दुरुस्तीनंतर मुदतीआधी ग्राहकाला किमान तीनदा कळवणं बँकेवर बंधनकारक आहे आणि त्यातलं एक तरी पत्राने. पत्ता वगैरे काही बदललं नसेल तर तसं लिहून दिलेलं साधं निवेदनही चालतं. तेव्हा 'आज रात्री बारा' हे आलं कुठून? घाई ही ठगांची गरज आहे, बँकेची नाही.

तरीही लिंक पारखायचीच असेल तर पत्ता शेवटून वाचा. पाकिटावर 'पुणे बेकरी, ता. मिरज, जि. सांगली' असं लिहिलं असेल तर ती बेकरी पुण्यात नसते, वेबसाइटचंही तसंच. 'एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट अबक डॉट कॉम' यात सुरुवातीला कितीही बँक दिसली तरी दुकान अबकवाल्याचं आहे. सुरुवातीचं 'https://' सोडून पुढे पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघायचं. रिझर्व्ह बँकेने आता सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेला पत्ता घ्यायला लावलाय, ३१ ऑक्टोबर २०२५ ही त्याची मुदत होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, त्यामुळे हे काम थोडं सोपं झालंय.

कुलपाच्या चिन्हावर मात्र जाऊ नका. तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसरा ऐकत नाही, एवढंच ते सांगतं. समोर चोर बसला असेल तर चोराशी गुप्त बोलणं होतं, इतकंच. पाठवणाऱ्याचं नाव तर कुणीही काहीही लिहू शकतो. नावावर बोट ठेवलं की मागचा ईमेलचा पत्ता दिसतो, पण कधी कधी तोही बनावट असतो. शुद्धलेखनाच्या चुका शोधा हा सल्ला आता जुना झाला. हल्ली ठगांचं मराठी आमच्या बँकेच्या परिपत्रकांपेक्षा बरं असतं.

ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवून ठेवत असाल तर एक फायदा आहे. तो साठवलेल्या पत्त्यावरच आपोआप भरला जातो. नेहमी भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाइप करू नका, आधी पत्ता बघा. आणि बँकेचा फोन नंबर गूगलवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो तोच घ्या.

माहिती भरून बसला असाल तर लाजत बसू नका, आधी बँकेला फोन करून खातं-कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसा या खात्यातून त्या खात्यात उडत असतो, वाटेत अडवता आला तर तेव्हाच. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, ईमेल पुसू नका, तोच पुरावा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाबद्दल लोक अर्धवट ऐकतात: तीन कामाच्या दिवसांत कळवलं की सगळे पैसे परत. ते तुमची चूक नसताना, तिसऱ्याच कुणामुळे फसवणूक झाली असेल तेव्हा. पासवर्ड किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून फोन करायला सोमवार उजाडायची वाट बघू नका. तक्रारीचा क्रमांक मात्र मागून, वेळेसकट लिहून ठेवा. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तोच लागतो.

आमच्या घरी आता ओटीपी बायकोच वाचते, चष्मा माझ्या नाकावर असला तरी.