गावालगत खदान आणि क्रशर येतोय, कंपनी सीएसआर देतो म्हणते : ग्रामपंचायतीनं नेमकं काय मागावं?

तुम्ही विचारलंय की जालना जिल्ह्यात तुमच्या गावच्या शिवारात दगडाची खदान आणि गिट्टीचा क्रशर येतोय. कंपनीचे लोक ‘सीएसआरमधून’ (कंपनीनं नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च) मंदिराला सभामंडप आणि शाळेला रंग द्यायला तयार आहेत, पण त्याआधी त्यांना ग्रामसभेचा ठराव हवाय. माझं मत आधीच सांगतो : सभामंडपाच्या बदल्यात ठराव देऊ नका. पाणी, धूळ आणि खदान संपल्यावर उरणारा खड्डा, या तिन्हींचं लेखी झाल्याशिवाय सह्या करू नका.

आधी सीएसआरचा हिशेब. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ही जबाबदारी सगळ्यांवर नसते. आदल्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी आकडा गाठला तरच ती लागू होते. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. म्हणजे ६ कोटी सरासरी नफा असलेल्या कंपनीचे वर्षाला १२ लाख, तेही तिच्या सगळ्या ठिकाणांचे मिळून. आपल्याकडचे बरेच क्रशर भागीदारीत किंवा एकट्या गुत्तेदाराच्या नावावर असतात. त्यांना हे कलम लागूच नाही. ते देतात ती देणगी, आज आहे उद्या नाही. शिवाय सीएसआरची कामं कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या विषयांत बसावी लागतात आणि त्यात मंदिराचा सभामंडप बसत नाही.

त्याहून महत्त्वाचं : दुसऱ्या कायद्यानं जे करणं बंधनकारकच आहे, ते सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. रस्त्यावर पाणी मारणं, खदानीभोवती झाडं लावणं, क्रशरला पत्र्याचा आडोसा करणं ही पर्यावरण परवानगीतली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली कामं आहेत. ‘सीएसआरमधून ५०० झाडं’ असा बोर्ड दिसला की परवानगीचा कागद काढून बघा, ती झाडं त्यात अट म्हणून लिहिलेली सापडतील.

दुसरा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणींची झळ बसलेल्या भागासाठीच्या जिल्हा निधीचा. राज्यात गौण खनिजाच्या (दगड, मुरूम, वाळू) स्वामित्वधनावर, म्हणजे रॉयल्टीवर, १० टक्के या निधीत जातात. ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन धरलं, तर ब्रासमागे ६० रुपये. (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.) वर्षाला ५०,००० ब्रास दगड निघाला, तर ३० लाख. हा पैसा जिल्ह्याच्या एकत्र खात्यात जमा होतो, गावाच्या नावावर नाही, म्हणून प्रस्ताव न देणाऱ्या गावाला काही मिळत नाही. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण हे विषय प्राधान्याचे आहेत. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म विभागाकडे द्यायचा : ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, जागेचा सातबारा आणि खदानीपासूनचं अंतर दाखवणारा नकाशा जोडून. नुसत्या निवेदनावर फाईल हलत नाही.

आता पाणी, कारण आपल्याकडे सगळं तिथंच येऊन अडतं. मराठवाड्यातला काळा पाषाण थराथरांचा आहे. वरचा मुरूम आणि भेगाळलेला थर पाणी धरतो, खालचा अखंड दगड जवळजवळ नाही. खदान त्या भेगाळ थराच्या खाली गेली की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी झिरपून खड्ड्यात उतरतं आणि काम चालू ठेवायला तिथला पंप ते उपसून नाल्यात सोडतो. शेतकऱ्याला वाटतं यंदा पाऊस कमी झाला. हे सिद्ध करायला खदान सुरू होण्याआधीच्या नोंदी लागतात. म्हणून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी आणि बोअरची पातळी ऑक्टोबरात आणि मे महिन्यात मोजा : कठड्यापासून पाण्यापर्यंत किती मीटर, तारीख, गट नंबर, मालकाची आणि कंपनीच्या माणसाची सही. जवळ भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहीर असेल तर तिच्या नोंदीही मागून घ्या. हा कागद नसेल तर पुढं भरपाईची मागणी टिकणं अवघड.

खदान संपल्यावरचा खड्डा मात्र नीट केला तर गावाची मोठी ठेव होतो. एक हेक्टर जागा सरासरी ६ मीटर खोल गेली, तर त्यात ६०,००० घनमीटर, म्हणजे ६ कोटी लिटर पाणी मावतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून येणारी जलदूत रेल्वे ५० वाघिणींच्या एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर आणायची. त्या हिशेबानं २४ खेपांचं पाणी. पण असा खड्डा आपोआप तलाव होत नाही. कडा सरळ तुटलेल्या असतात आणि पोरं पोहायला जाऊन बुडतात. म्हणून करारात लिहून घ्या : कडा टप्प्याटप्प्यानं कापायच्या, एका बाजूला जनावरं आणि माणसं उतरतील असा उतार ठेवायचा, बाकी तिन्ही बाजूंना कुंपण, नाल्याचं पाणी आत येण्याआधी गाळ अडवणारी टाकी. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, त्यामुळं पाणी पिण्याला वापरण्याआधी नायट्रेट तपासा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. शेतीला आणि जनावरांना द्यायचं तरी एकदा तपासलेलं बरं. ही कामं शेवटच्या वर्षावर ढकलू देऊ नका, कारण पट्टा (खदानीचा भाडेकरार) संपत आला की यंत्रं दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असतात. दरवर्षी थोडं थोडं, चालू खोदाईबरोबरच झालं पाहिजे.

धुळीचं दुखणं क्रशरच्या तीन जागी असतं : जबड्याच्या तोंडाशी, चाळणीवर आणि गिट्टी वाहून नेणाऱ्या रबरी पट्ट्यावरून ती खाली पडते तिथं. या तिन्ही ठिकाणी फवारे बसवलेले दाखवतात, पण ते बंद असतात. एक कारण असं की बोअरच्या जड पाण्यानं नोझलमध्ये क्षार साचतो. दुसरं, बारीक कच ओली झाली की चाळणी बुजते आणि उत्पादन घटतं, म्हणून ऑपरेटर कॉक फिरवून ठेवतो. उपाय साधा आहे. पाइपवर गाळणी, नोझलची आठवड्याला सफाई, चाळणीवर पाण्याऐवजी पत्र्याचं आच्छादन आणि रबराचे पडदे. यंत्रापासून ३ ते १० मीटरवर हवेतली धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं केंद्राचं मानक आहे; मोजणीचा अहवाल मागा. आणि मोजणी कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा मोसंबीच्या आंबे बहरात करायला लावा. पावसाळ्यात मोजलेली धूळ कमीच भरणार.

सुरुंगाचे हादरे हा वेगळा वाद. घरांसाठी हादऱ्याची मर्यादा वारंवारतेनुसार सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर आहे. पहिल्या स्फोटाआधी जवळच्या प्रत्येक घराच्या भिंतींचे, जुन्या तड्यांशेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह फोटो काढून ठेवा. रस्त्याबद्दल एवढंच : दहा चाकी हायवाला (गिट्टी वाहणारा टिपर) भरून २८.५ टन वजनाची परवानगी असते आणि गावचा रस्ता त्यासाठी बांधलेला नसतो. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी गाड्या बंद, ताडपत्री सक्तीची आणि शक्य तर वेगळी वाट.

कागदपत्रांत पहिली गोष्ट पर्यावरण परवानगी. तिची प्रत ग्रामपंचायतीला द्यावीच लागते. कपाटात पडलेली असेल, शोधा. अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. एकट्याचा पट्टा ५ हेक्टरच्या आत असला की जनसुनावणी टळते, म्हणून एकाच टेकडीचे तुकडे पाडून चार नावांवर पट्टे घेतले जातात. ते एकमेकांपासून ५०० मीटरच्या आत असतील आणि एकत्र क्षेत्र ५ हेक्टरवर जात असेल, तर तो समूह धरून जनसुनावणी मागा. सुनावणीत लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांवर कंपनी जे कबूल करते ते पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात खर्चासह यावं लागतं आणि मग ते बंधनकारक ठरतं. त्यामुळं तिथं भाषण करू नका; काम, रक्कम आणि मुदत सांगा.

यातून सीएसआर उरलाच तर पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राऐवजी नाला खोलीकरण किंवा शाळेचं छत मागा. यंत्रच हवं असेल तर पाच वर्षांचा मेंब्रेन (यंत्रातला पाणी गाळणारा पडदा), वीजबिल आणि माणसाच्या पगाराचा खर्च आधी ठरवा. तसं न केलेली यंत्रं मेंब्रेन बाद झालं की कुलूप लावून पडून राहतात. जे बांधलं जाईल ते ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढलंच पाहिजे.

हे वाचणारं कुणी किनवटकडच्या अनुसूचित क्षेत्रातलं असेल तर त्यांच्यासाठी : तिथं पेसा कायद्यानुसार (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते, म्हणून या सगळ्या अटी त्या शिफारशीच्या ठरावातच घाला.