नातीसाठी पहिली खेळणी निवडताना

आपली नात लवकरच दोन वर्षांची होईल आणि तिच्यासाठी काय घ्यावे, असे आपण विचारले, म्हणून माझ्या तीन नातवंडांच्या अनुभवावरून लिहीत आहे. बटण दाबताच गाणारी खेळणी शक्यतो टाळावीत, कारण सगळा खेळ ते खेळणेच करते आणि मूल नुसते पाहत बसते.

त्याऐवजी साधे, रंग न दिलेले लाकडी ठोकळे घ्या. जर्मनीत 1837 मध्ये बालोद्यानाची सुरुवात करणाऱ्या फ्रोबेल यांनीही मुलांसाठी लोकरीचे चेंडू, लाकडी गोल आणि घन अशीच साधी साधने तयार केली होती. माझा धाकटा नातू सकाळी एक ठोकळा कानाला लावून आत्याशी बोलत होता आणि संध्याकाळी त्याच ठोकळ्याने, साबण समजून, भातुकलीतली कढई घासत होता. त्या वेळी 'अरे, हा फोन आहे ना?' असे विचारण्याचा मोह आवरावा. माझ्याकडून ती चूक झाली आणि त्याचा खेळ तिथेच थांबला.

सावंतवाडीची लाकडी फळे भातुकलीत फार शोभतात. पोळ्या करताना कणकेचा छोटा गोळा तिच्या हातात दिला, तर विकतच्या मातीचीही गरज उरत नाही.

खरेदी करताना मात्र आयएसआय चिन्ह पाहा. 1 जानेवारी 2021 पासून ते भारतात बंधनकारक आहे. तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत मणी, लोहचुंबक आणि बटणासारखे सेल असलेली खेळणी घरात आणू नका.