टाच धरणारा मॅक्स

"मॅडम, आमचं कुत्रं लेकरांना चावायलंय. एरवी लई मायाळू आहे, पण लेकरं पळाली की टाचेलाच तोंड घालतंय. डोकं फिरलंय का त्याचं? देऊन टाकावं का कुणाला?"

कुत्र्यांच्या वागण्याच्या तक्रारी घेऊन लोक मला फोन करतात. हा फोन लातूरहून होता. औसा रोडच्या बाजूला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारं कुटुंब. वडील आडतीवर, आई घर सांभाळणारी, मोठी मुलगी बारावीला आणि सोबत नीटची तयारी, धाकटा नऊ वर्षांचा, गावाकडून आलेले आजोबा आणि बॉर्डर कॉली जातीचा दोन वर्षांचा कुत्रा मॅक्स. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, कुत्र्याचं नावसुद्धा. बाकी घडलं तसंच सांगते, कारण हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारी घरं वाढली आहेत. मोबाइलवर शहाण्या कुत्र्याचा व्हिडिओ बघून पिल्लू आणलं जातं आणि वर्षभरात घरात दोन तट पडतात.

फोनवर मी आधी एकच विचारलं. दात लागून कातडी फाटली होती का? एकदा, धाकट्याच्या घोट्यावर ओरखडा आला होता आणि त्यावर हळद लावली होती. हळद नको. ओरखडा बारीक असला तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, आपण नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. त्यामुळे इथे मी कुणाचंच ऐकून घेत नाही. तो ओरखडा जुना होता, तरी त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं.

"डोकं फिरलंय का" याचं उत्तर मात्र दिलासा देणारं होतं. कुत्र्याचा स्वभाव अचानक बदलला, लाळ गळायला लागली, गिळता येईना, चाल लटपटली, तर ते आजारपण. त्याला वेगळं ठेवून ताबडतोब पशुवैद्याला बोलवावं लागतं. मॅक्स सहा महिन्यांचा असल्यापासून हेच करत होता आणि तेही कुणी पळालं तरच. बसलेल्या माणसाच्या टाचेला त्याने कधी तोंड लावलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. धाकटा आणि त्याचा चुलतभाऊ बोळकांडीतून पळाले आणि मला हवं ते सगळं दोन मिनिटांत दिसलं. मॅक्सने मान खाली घातली, एक पाय हवेत तसाच राहिला, नजर पोरांवर खिळली. मग तो सरळ मागे न धावता भिंतीच्या कडेने वळसा घालून पुढे गेला आणि पोरं थांबत नाहीत म्हटल्यावर मागच्याची टाच हलकेच धरली.

हे चावणं नव्हतं, ती हाकणी होती. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात मेंढरं वळवण्यासाठी ही जात घडवली. ज्याला या जातीचा मूळ पुरुष मानतात तो 'ओल्ड हेम्प' 1893 साली इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मला. लांडगा शिकार करतो तेव्हा आधी नजर रोखतो, मग दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो आणि मारतो. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून पहिल्या तीन गोष्टी वाढवल्या आणि शेवटच्या दोन दाबत नेल्या. म्हणून कॉली मेंढराला मारत नाही, नजरेनं वळवतो, आणि नजरेनं भागलं नाही तर टाच धरतो. औसा रोडच्या फ्लॅटमध्ये त्याला मेंढरं मिळाली नाहीत. पळणारी पोरं मिळाली, फरशी पुसायचं फडकं मिळालं, खिडकीतली कबुतरं मिळाली, रस्त्यावरच्या दुचाकी मिळाल्या.

"पण आम्ही त्याला रोज दमवतो की," वडील म्हणाले. ते खरं होतं. आडतीवरून आल्यावर ते रोज तासभर गच्चीवर चेंडू फेकत. या कष्टाळू माणसाला मी सांगितलं की नेमकं हेच थांबवा, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. दिवसभर डोंगर तुडवणाऱ्या जातीला तासभर पळवून दमवता येत नाही. तिचा दम वाढतो आणि पुढच्या महिन्यात दीड तास लागतो. शिवाय चेंडू म्हणजे तोच पाठलाग, शंभर वेळा. कुत्रं खाली येतं ते तापलेल्या डोक्यानं, आणि मग समोर जो पळेल तो मेंढरू. लेझरचा ठिपका तर कधीच नको. या जातीत प्रकाशाच्या आणि सावलीच्या मागे दिवस-दिवस लागून राहायचं वेड लागू शकतं आणि ते सोडवणं फार अवघड असतं.

मी त्यांना आठवडाभर एका वहीत फक्त झोप लिहायला सांगितली. मॅक्स कधी झोपला, कधी उठला. मोठ्या कुत्र्याला दिवसरात्र मिळून बारा-चौदा तास झोप लागते. मॅक्सची भरली आठ-साडेआठ तास, तीही तुकड्यातुकड्यांची. ताई रात्री एकपर्यंत अभ्यास करत होती, वडील पहाटे पाचला उठत होते, सातला शाळेची गडबड. या सगळ्यांवर नजर ठेवणं मॅक्सने स्वतःच अंगावर घेतलं होतं. जागरणानं लेकरू जसं किरकिर करतं, तशी त्याची गत होती.

आजोबा कोपऱ्यात ऐकत होते. मॅक्सला देऊन टाका असं सगळ्यात मोठ्यानं म्हणणारे तेच, म्हणून घरचे त्यांना या बोलण्यातून बाजूला ठेवत होते. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, माळेगावच्या यात्रेला दरसाल जाऊन जनावरं पारखणारा माणूस. मी त्यांना विचारलं, तुमच्या मेंढरांच्या वाड्याला कुत्री होती, ती कशी वागायची?

"आमची कुत्री हाकत नव्हती. हाकायला मी होतो, काठी होती. कुत्रं राखणीला. रात्री मेंढरं बसली की तेबी बसायचं, अन् लांडग्याचा वास आला की उठायचं. कारवानी जातीचं कुत्रं बघा, सशामागं वाऱ्यासारखं पळतंय, पण घरी आलं की दिवसभर लोळतंय. ह्याला बसताच येत नाही, मॅडम."

इतकं नेमकं निदान मीसुद्धा केलं नव्हतं. आपल्या भागातली मेंढपाळाची कुत्री राखणदार, कॉली हाकणारा. राखणदाराला वाट बघणं अंगभूत येतं, हाकणाऱ्याला ते शिकवावं लागतं. पुढचा सगळा आराखडा आम्ही आजोबांच्या त्या शेवटच्या वाक्यावर उभा केला.

बसणं शिकवायचं काम ताईकडे गेलं. सगळ्यात जास्त वेळ एका जागी बसणारी तीच. तिच्या टेबलाशेजारी एक जुनी सतरंजी टाकली. मॅक्स आपणहून तिथे आडवा झाला की ताईने न बोलता, त्याच्याकडे न बघता, त्याच्या दैनंदिन खुराकातला एक दाणा पंजांजवळ ठेवायचा. शाबासकी नाही, थोपटणं नाही, कारण त्यानं तो परत उठतो. सुरुवातीला दर अर्ध्या मिनिटाला, मग दोन मिनिटांनी, मग दहा.

डोक्याचं काम आजोबांनी आणि धाकट्याने वाटून घेतलं. दुपारचं खाणं ताटलीत द्यायचं बंद झालं. आजोबा ते गोणपाटाच्या घड्यांत आणि जुन्या गोधडीत लपवत आणि मॅक्स अर्धा तास नाकानं हुडकत बसे. हुंगण्यानं कुत्रं शांत होतं, पळण्यानं नेहमी होतंच असं नाही. धाकट्याला मी अमेरिकेतल्या चेसर या बॉर्डर कॉलीची गोष्ट सांगितली. एका निवृत्त मानसशास्त्रज्ञाने तिला 1,022 खेळण्यांची नावं शिकवली होती. धाकट्याने मॅक्सला चप्पल, टोपी, डबा शिकवायला घेतलं. धाकट्यासाठी आणखी एक नियम, 'झाड'. मॅक्स मागे लागला की किंचाळायचं नाही, पळायचं नाही, हात अंगाशी धरून झाड व्हायचं. थांबलेल्या मेंढराला हाकायचं कारणच उरत नाही. पाहुण्यांची लेकरं आली की मॅक्स पट्ट्यात किंवा आतल्या खोलीत. लेकरं आणि कुत्रं एकटी सोडायची नाहीत, यात कसलीही सूट नाही.

वडिलांकडे पहाटेचं फिरणं. लातूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि या कुत्र्याच्या अंगावर दुहेरी लोकर असते. त्यामुळे साडेपाचला बाहेर, ऊन चढायच्या आत परत. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्या रस्त्यावर पंजेही टेकवायचे नाहीत. लोकर पूर्ण भादरायची नाही, ती उन्हापासूनही राखते. याच काळात मॅक्सला गोचीड झाले आणि आजोबांच्या पुतण्याने मेंढरांना देतात तेच आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. मी लगेच थांबवलं. कॉलीच्या कुळातल्या काही कुत्र्यांत एका जनुकाच्या दोषामुळे हे औषध जास्त मात्रेत मेंदूपर्यंत पोचतं आणि जिवावर बेततं. गोचिडाचं औषध पशुवैद्याने वजन बघून द्यायचं.

नवव्या दिवशी आईचा फोन आला. "मॅडम, चेंडू बंद केल्यापासून दुप्पट भुंकायलाय. माझ्यानं होत नाही आता." अंगवळणी पडलेली गोष्ट बंद केली की कुत्रं आधी जोर करतं, हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं. पण त्या दिवशी त्यांना कुत्र्याबद्दल बोलायचंच नव्हतं. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "पिल्लू आणताना मला कुणी विचारलं नव्हतं. लेकराचा हट्ट, ह्यांची हौस. केस मी झाडायचे, शी मी उचलायची, शेजारणीचं मी ऐकायचं, अन् चावलं की तुझं लक्ष कुठं होतं म्हणून मलाच."

अशा घरांत ही ओळ मला कुणा ना कुणाकडून ऐकायला मिळतेच, बहुतेक वेळा बाईकडून. हे ऐकून न घेता कुत्र्याला कितीही शिकवलं तरी घर निवत नाही. पुढच्या बैठकीत मी त्यांना हेच सगळ्यांसमोर बोलायला सांगितलं. वडिलांनी मान खाली घालून ऐकलं. त्या दिवसापासून आईकडे मॅक्सचं एकही काम ठेवलं नाही. घासणं, शी उचलणं वडिलांकडे गेलं. शेजारच्या काकूंकडे धाकटा स्वतः जाऊन माफी मागून आला. गंमत अशी की काम सुटल्यावर महिनाभराने आईच त्याला कुरवाळताना दिसू लागल्या.

देऊन टाकण्याबद्दलही स्पष्ट सांगते. काही घरांना मी तेच सुचवलं आहे. रांगतं मूल आहे, दोघं नोकरीला, कुत्रं दहा तास कोंडलेलं, आणि कुणाकडेच वेळ नाही. तिथे समजदार, वेळ असलेलं घर शोधून देणं हा गुन्हा नाही. पण "शेतावर सोडा, मोकळं राहील" हा सल्ला मला पटत नाही. न शिकवलेला कॉली शेजाऱ्याच्या शेळ्यांमागे लागतो, मार खातो आणि शेवटी साखळीला बांधला जातो. आणि ज्यांनी अजून पिल्लू आणलेलं नाही, त्यांनी आपल्या गल्लीतल्या एखाद्या पिल्लाचा आधी विचार करावा. आपल्या उन्हात आणि आपल्या घरात ते कितीतरी सहज रुळतं.

मॅक्स त्याच घरात आहे. हे सगळं सुरू केल्यानंतरच्या चौथ्या महिन्यापासून त्याने टाच धरलेली नाही. ताईची नीटची परीक्षा झाली, तरी रात्री तो तिच्या टेबलाशेजारच्या सतरंजीवर जाऊन पडतो. दुचाकीचं वेड मात्र गेलेलं नाही आणि ते पूर्ण जाईल असं मी त्यांना सांगितलेलंही नाही. दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी पट्टा, मग तो पहाटे साडेपाचचा मोकळा रस्ता का असेना. परवा फोनवर आजोबा म्हणाले, "पट्टा मीच अडकवतो. बाकीच्यांना घाई असती."