‘श्लागिन्टवाइट’ या जर्मन आडनावाचा अर्थ काय आणि आज ते कितपत आढळतं?

तुम्ही विचारलंय की 1854 साली मुंबईत उतरलेल्या तीन जर्मन भावांबद्दल वाचताना हे आडनाव दिसलं, ते आलं कुठून, एखाद्या सरदार घराण्याचं आहे का, आणि आज जर्मनीत ते कुणी लावतं का.

जर्मन कागदपत्रांची भाषांतरं करून माझं घर चालतं. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, कधीमधी चर्चच्या जुन्या नोंदवह्या. त्यामुळे रोज आडनावांशी गाठ असते आणि हा प्रश्न अगदी माझ्या वाटेवरचा आहे. आधी थोडक्यात सांगून टाकतो. मुळात सरदारकी वगैरे काही नाही. हे कुणाला तरी पडलेलं टोपणनाव आहे, आणि गंमत म्हणजे तो एक शब्द नसून अख्खं वाक्य आहे. आडनाव बव्हेरियाचं, म्हणजे जर्मनीच्या आग्नेय भागातलं, त्यातही पूर्वेकडच्या डोंगराळ जंगलपट्ट्यातलं. विरळ आहे, पण नामशेष झालेलं नाही.

आता फोड करू. उच्चार साधारण ‘श्लाग्-इन्ट्-वाइट’. ‘श्लाग’ म्हणजे मार, हाण. ‘वाइट’ म्हणजे लांब, दूरवरचा मोकळा पसारा. (आपल्या ‘वाईट’शी संबंध नाही. हा विनोद माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याने केलेला आहे.) गोची आहे ती मधल्या ‘इन्ट’ची. प्रमाण जर्मनच्या शब्दकोशात तो सापडणार नाही. बव्हेरियन बोलीत ‘इन दी’ हे दोन शब्द भरभर बोलताना ‘दी’चा नुसता ‘द’ उरतो आणि तोही कडक होऊन ‘ट’सारखा वाजतो. म्हणजे ‘श्लाग इन दी वाइट’, मराठीत सांगायचं तर ‘हाण लांबवर’. योहान आंद्रेआस श्मेलरने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बव्हेरियन बोलीचा मोठा कोश केला. असली आडनावं सोडवताना प्रमाण जर्मनचा कोश मिटून तो उघडावा लागतो.

अशा आडनावांना जर्मन भाषाशास्त्रात ‘झात्सनामं’ म्हणतात, म्हणजे वाक्यनाव. मध्ययुगाच्या उत्तरार्धात त्यांचं पेव फुटलं होतं. हेबेनश्ट्राइट म्हणजे ‘काढ भांडण’. हाउआइझेन म्हणजे ‘ठोक लोखंड’, हा उघडच लोहार. हासेनफ्लूग म्हणजे ‘नांगराचा तिटकारा कर’. शेती सोडून पळालेल्या एखाद्याला गावाने हे चिकटवलं असणार, आणि पुढे त्याच आडनावाच्या मारी हासेनफ्लूगने ग्रिम बंधूंना लोककथा सांगितल्या. हॅम्बुर्गमध्ये 1401 च्या सुमारास ज्याचं मुंडकं उडवलं तो समुद्री लुटारू श्टोर्टेबेकर, त्याच्या नावाचा अर्थ उत्तरेकडच्या बोलीत ‘पालथा कर पेला’. तो काय पीत असेल हे वेगळं सांगायला नको.

आपल्याला हा प्रकार परका वाटू नये. वाघमारे, डोईफोडे, गोडबोले ही आडनावं रचनेने याच्या जवळची आहेत. एक कर्म किंवा विशेषण, पुढे क्रियापद, आणि ज्याच्या कुणाच्या कर्तृत्वावरून किंवा खोडीवरून नाव पडलं तो माणूस कधीच विस्मरणात गेलेला. फरक इतकाच की आपण क्रियापद शेवटी ठेवतो आणि जर्मन माणूस आधी हाणतो, मग कुठे ते सांगतो.

श्लागिन्टवाइटची अगदी सख्खी भावंडंही आहेत. न्युरेंबर्गमध्ये प्रसिद्ध चित्रकार ड्यूररच्या हाताखाली शिकलेला हान्स श्प्रिंगिनक्ले नावाचा चित्रकार होता. त्याचं आडनाव म्हणजे ‘मार उडी गवतात’, त्यातही क्लोव्हरच्या हिरव्या चाऱ्यात. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा 1531-32 मध्ये टिपून ठेवणाऱ्यांपैकी एक होता योहान श्लागिनहाउफेन, म्हणजे ‘हाण घोळक्यात’. तिन्हींचा साचा एकच आहे, क्रियापद, मग ‘इन’, मग जागा. हा साचा एकदा डोळ्यांत बसला की श्लागिन्टवाइटबद्दल फारशी शंका राहत नाही.

तरी एक पर्याय सांगायला हवा, कारण शोधायला लागलात की तो तुम्हाला भेटेलच. ‘श्लाग’चा दुसरा अर्थ जंगल तोडून मोकळी केलेली जागा. बव्हेरिया आणि शेजारच्या ऑस्ट्रियाच्या डोंगरांत शेवटी ‘श्लाग’ असलेली गावं आहेत, लिंत्सजवळचं किर्शश्लाग हे त्यातलं एक. तेव्हा हे आडनाव एखाद्या तोडलेल्या रानावरून आलं असेल असं वाटणं साहजिक आहे. मला ते पटत नाही. गावाच्या नावात ‘श्लाग’ शेवटी येतो, इथे तो सुरुवातीला आहे, आणि ‘इन्ट’ मागे कुठल्या तरी क्रियेची अपेक्षा ठेवतो. मग हा लांबवर हाणणारा कोण असेल, तलवारबाज की कुऱ्हाडवाला? दोन्ही चालतील. शिवाय कारागिरांच्या संघांत उमेदवारी संपवून गडी पक्का कारागीर झाला की त्याचं दणक्यात बारसं करून त्याला असंच एखादं वाक्यनाव देण्याची चाल होती. म्हणजे नाव पडायला रणांगणच लागायचं असं नाही, एका संध्याकाळची दारू पुरायची.

आता ज्यांच्यामुळे तुम्हाला हे नाव भेटलं ते भाऊ. त्यांचे वडील योझेफ श्लागिन्टवाइट 1791 मध्ये रेगन या गावी जन्मले. रेगन म्हणजे पाऊस. ते त्याच नावाच्या नदीकाठी, बव्हेरियन जंगलाच्या ऐन मध्यात आहे. योझेफ म्युनिकला जाऊन नेत्रवैद्य झाले, नाव कमावलं आणि ऑगस्ट 1854 मध्ये वारले. त्यानंतर दीडेक महिन्यातच त्यांची तीन मुलं, हेर्मान, आडोल्फ आणि रोबेर्ट, साउदॅम्प्टनहून जहाजावर चढली. पाठीशी नामवंत निसर्गशास्त्रज्ञ आलेक्सांडर फोन हुम्बोल्टची शिफारस, प्रशियाच्या राजाचा आधार आणि ईस्ट इंडिया कंपनीचे पैसे होते. 26 ऑक्टोबर 1854 रोजी ते मुंबईत उतरले, तिथून दख्खन ओलांडून मद्रासला गेले आणि पुढे हिमालयात. 1855 मध्ये आडोल्फ आणि रोबेर्ट कामेत शिखराजवळच्या अबी गामिनवर सुमारे 6,785 मीटरपर्यंत चढले. तोवर इतक्या उंचीवर कुणी गेल्याची नोंद नव्हती. ज्या नैनसिंहांनी पुढे तिबेटची मोजणी केली, त्यांची पहिली मोठी मोहीम याच भावांबरोबरची. आडोल्फ मात्र परतला नाही. ऑगस्ट 1857 मध्ये काशगरला (आजच्या चीनच्या पश्चिम टोकाला) तिथला सत्ताधीश वली खानच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हा तो 28 वर्षांचा होता.

सरदारकीची शंका तुम्हाला बहुधा इथूनच आली असणार. मोहिमेनंतर या घराण्याला आडनावाआधी ‘फोन’ (von, जर्मन सरदारकीची खूण) लावायचा मान मिळाला. हेर्मानला तर 1864 मध्ये आडनावापुढे ‘झाक्युनल्युन्स्की’ असं शेपूटही लावून मिळालं, म्हणजे तिबेटच्या उत्तरेचा क्युनलुन पर्वत ओलांडून गेलेला. ही धाटणी रशियन आहे. बाल्कन पर्वत ओलांडला म्हणून रशियाने सेनापती डीबिचला ‘झाबाल्कान्स्की’ केलं होतं, त्याच धर्तीवर. थोडक्यात, किताब नवा आणि आडनाव जुनं. उलटं समजू नका. आणि आणखी एक मोह टाळा. ‘लांबवर हाण’ असं नाव, आणि पोरं निघाली थेट काशगरपर्यंत, हे जुळवून बघायला फार छान वाटतं. पण नाव पडलं तेव्हा त्या घरातल्या कुणी म्युनिकही पाहिलं असेल की नाही कोण जाणे.

प्रश्नाचा दुसरा भाग, आढळ. जर्मनीत आडनावं मोजायचा सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे लँडलाइन फोनच्या याद्या. हसू नका. फ्रायबुर्ग आणि माइन्त्सच्या विद्यापीठांनी जर्मन आडनावांचा जो सात खंडांचा नकाशासंग्रह केला (2009 ते 2018), तो 2005 सालच्या फोननोंदींवर उभा आहे. त्यानंतर लोक मोबाइलवर गेले आणि यादीत नाव छापायचं बंद करत गेले, म्हणून जुनी यादीच जास्त पूर्ण. त्या यादीत साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं निघाली. एक फोन म्हणजे एक घर, त्यामुळे नोंदींच्या आकड्याला साधारण अडीच-पावणेतीनने गुणलं की माणसांचा अंदाज येतो. कोट्यवधी फोन आणि लाखो आडनावं म्हटल्यावर एकेका नावाच्या वाट्याला किती येणार? वरची म्युलर, श्मिट वगैरे मंडळी मोठा वाटा खाऊन बसतात आणि खाली लांबच लांब शेपूट उरतं. श्लागिन्टवाइट त्या शेपटातलं.

याचं कारण सरळ आहे. म्युलर म्हणजे गिरणीवाला. प्रत्येक खोऱ्यात पाणचक्की होती, तेव्हा हजार ठिकाणी हजार म्युलर स्वतंत्रपणे तयार झाले. त्यांचं एकमेकांशी नातं असायची गरज नाही. ‘हाण लांबवर’ हे मात्र एखाद्याच गावात एखाद्याच गड्याला पडतं. त्यात आडनाव शतकानुशतकं फक्त मुलांकडून पुढे जायचं. ज्या घरी मुलीच झाल्या, किंवा मुलगे लग्नाआधीच गेले, तिथे ते संपलं. गॉल्टन आणि वॉटसन या दोन इंग्रज अभ्यासकांनी 1874 मध्ये याचं गणितच मांडलं होतं, ते आडनावं नाहीशी का होतात याच प्रश्नापायी. या एका घरात पाहा: आडोल्फ काशगरला गेला, आणि त्याचा भाऊ एडुआर्ड 1866 च्या प्रशियाविरुद्धच्या लढाईत किसिंगेनला पडला. म्युलरांचे दोन कमी झाले तर कुणाला कळतही नाही, इथे तेवढ्याने एक फांदी जाते.

तरी झाड उभं आहे. धाकटा भाऊ एमिल कधी भारतात आला नाही, पण तिबेटमधल्या बौद्ध धर्मावर 1863 मध्ये त्याने ग्रंथ लिहिला. आणि विसाव्या शतकात राइनहार्ड श्लागिन्टवाइट जर्मनीचे राजदूत होते, पुढे युनिसेफच्या जर्मन समितीचे अध्यक्ष झाले.

नेटवर आडनावांचे नकाशे दाखवणारी पानं आहेत. ती जरूर पाहा, पण रंगांना भुलू नका. बहुतेक ठिकाणी दोन नकाशे असतात, एक निव्वळ आकड्यांचा आणि एक लोकसंख्येच्या प्रमाणातला. विरळ आडनावाच्या बाबतीत कमी वस्तीच्या तालुक्यात चार घरं असली तरी प्रमाणाचा नकाशा तिथे गडद लाल होतो. उलट आकड्यांच्या नकाशावर म्युनिक उठून दिसतं, कारण कामधंद्याला सगळेच म्युनिकला जातात. मूळ गाव शोधायचं तर दोन्ही शेजारी ठेवायचे. आणि ‘तुमच्या आडनावाचं अस्सल राजचिन्ह’ विकणाऱ्यांना एक पैसा देऊ नका. त्यांच्याकडे प्रत्येक आडनावाला एक सिंह तयार असतो.

स्वतः खोदायचं असेल तर मात्र चांगली सोय आहे. रेगन हे पासाऊच्या धर्मप्रांतात येतं, आणि पासाऊच्या चर्चच्या नोंदवह्या ‘मात्रिकुला’ नावाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. मोठी अडचण अक्षराची. जुन्या ‘कुरेंट’ लिपीत ‘ई’ (e) आणि ‘एन’ (n) जवळपास सारखे दिसतात, दोन बारीक तिरप्या रेघा आणि झालं. ‘यू’ ओळखू यावा म्हणून त्यावर चंद्रकोर काढतात. सुरुवातीला मी एका दाखल्यातलं आईचं नाव तीन दिवस चुकीचं वाचत होतो. शेवटी त्याच पाद्र्याने लिहिलेले महिने, म्हणजे जे शब्द मला आधीच ठाऊक होते ते, कागदावर गिरवून काढले, तेव्हा त्याचा हात कळला. तुम्हीही तेच करा. आधी ‘योहान’ आणि ‘मारिया’ शोधा, ते प्रत्येक पानावर असतात. त्या पाद्र्याचा ‘एच’ (h) आणि ‘ए’ (a) कसा आहे ते बघा आणि मगच आडनावाकडे वळा.

बायकांच्या नोंदी पाहताना आणखी एक लक्षात ठेवा. त्या काळी बव्हेरियात बाईच्या आडनावाला ‘इन’ जोडत. बाप श्लागिन्टवाइट तर लेक ‘श्लागिन्टवाइटिन’, म्युलरची ‘म्युलरिन’. ते वेगळं आडनाव समजून बाजूला टाकलंत तर अर्धं घराणं हातचं जाईल. शिवाय शेतकऱ्यांच्या घराला स्वतःचं नाव असे. गावात माणूस त्याच नावाने ओळखला जाई, आणि लिहिणाऱ्याने कधी आडनावाच्या जोडीला ‘व्हुल्गो’, म्हणजे आपलं ‘उर्फ’, लिहून तेही घातलेलं असतं. त्यामुळे एकाच माणसाची दोन नावं दिसली तर दचकू नका.

पान सापडलं आणि अक्षर लागलं नाही तर खाली प्रतिक्रियेत चित्र टाका. रविवारी मला वेळ असतो.