सातवीची पोरं ग्राफिक नॉव्हेल करू शकतील का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या झेडपी शाळेत सातवीला शिकवते. वर्गातली पोरं वहीच्या मागच्या पानांवर सारखी कॉमिक्स काढत असतात, तर त्यांच्याकडून छोटी ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली गोष्ट, करून घ्यावी असं फार मनात आहे. पण आमचे सर म्हणतात चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे, आणि मला स्वतःला चित्रं काढता येत नाहीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर: मॅडम, आधी सरांच्या हातात ‘भीमायन’ द्या. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरची ग्राफिक नॉव्हेल, २०११ला नवयान प्रकाशनाने काढलेली, इंग्रजीत आहे, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. त्यातला एक प्रसंग तुमच्याच भागातला, १९०१ साली लहानगे भीमराव साताऱ्याहून वडिलांकडे निघतात, मसूर स्टेशनावर उतरतात, जात कळल्यावर एकही गाडीवाला न्यायला तयार होत नाही, शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरंच गाडी हाकतात आणि रात्र पाण्यावाचून काढतात. या पुस्तकात मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या संवादाच्या फुग्यात येतं आणि विखारी बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात, म्हणजे कोण कुठल्या भावनेने बोलतंय हे पोराला चित्रातून काढावं लागतं, आणि दोन चौकटींच्या मध्ये काय घडलं ते तर कुठेच काढलेलं नसतं, ते त्यानेच जुळवायचं. हे वाचन नाही तर काय! अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांचं न्यूबेरी मेडल २०२०ला पहिल्यांदाच ग्राफिक नॉव्हेलला मिळालं, जेरी क्राफ्टच्या ‘न्यू किड’ला, आणि तीही सातवीतल्याच मुलाची गोष्ट आहे.

आता करायचं कसं. तुम्हाला चित्रं येत नाहीत त्याने काही अडत नाही, तुम्ही गोष्टीवर लक्ष ठेवा. पोरांना घरी आजी-आजोबांना ७२च्या दुष्काळाबद्दल विचारायला सांगा, खडी फोडायची कामं, तेव्हा खायला मिळणारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारी, हे सगळं अजून लोकांच्या तोंडी आहे, आणि त्यातला एकच दिवस निवडायचा, अख्खा दुष्काळ नको. ए-फोर कागद आठ भागांत दुमडून मध्ये एक काप दिला की आठ पानांचं पुस्तक होतं, तेवढं पहिल्यांदा भरपूर झालं. आधी संवाद लिहायचे, मग काड्यांची माणसं काढून कच्च्या चौकटी, एका पानावर चारच्या वर नकोत.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा, अक्षरं पेन्सिलने आधी लिहायची, मग त्यांच्याभोवती फुगा, आणि चित्र सगळ्यात शेवटी, कारण आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, खाली उकार, फुगा आधी काढला की ओळी एकमेकींत घुसतात आणि काही वाचता येत नाही. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे. आणि प्लीज, चित्र सुबक आहे का यावर मार्क देऊ नका, आजीचं म्हणणं वाचणाऱ्याला कळलं का ते बघा.

सगळी पानं कागदाच्या एकाच बाजूला येतात, त्यामुळे एका झेरॉक्समध्ये एक आख्खं पुस्तक निघतं, वर्गात वाटून पुढच्या आठवड्यात सहावीच्या पोरांना वाचायला द्या.