अकरावीतच आर्किटेक्चरचं ठरवलं असेल तर

गणित सोडू नकोस, बी.आर्क.ला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात. सॉफ्टवेअर नंतर बघू. आधी स्वतःची खोली टेपनं मोज आणि १:५० प्रमाणात काढ: ३ मीटरची भिंत कागदावर ६ सेंटीमीटर. दोन्ही कर्ण मोजच. जुन्या घरांत कोपरे क्वचितच काटकोनात असतात, मग नुसत्या चार बाजूंवरून काढलेला नकाशा फसतो. खिडक्या-दारांची मापं एकाच कोपऱ्यापासून सलग घे. तुकड्यातुकड्यानं घेतली की चुका साठत जातात. हात बसला की साताऱ्याहून एक दिवस वाईजवळच्या मेणवलीला जा. नाना फडणवीसांच्या वाड्यात चौकांभोवती खोल्या कशा बसवल्यात, उजेड कुठून येतो, हे पेन्सिलीनं टिपून घे. खोडरबर मात्र घरीच ठेव.