क्वा भाषांतल्या (म्हणजे घाना आणि आसपासच्या पश्चिम आफ्रिकेतल्या एका भाषागटातल्या) क्रियापद-नामाच्या जोड्या एकच शब्द मानायच्या का?

नाही मानायच्या. इतकं ठाम सांगतोय कारण याच मुद्द्यावर माझे गुण कापले गेलेत.

घानात टेमाला तीन वर्षं नोकरी केली, तिथे एवे ही क्वा भाषा ऐकून ऐकून शिकलो. एका दुपारी जेवताना कोणीतरी हाक मारली, तर 'जेवतोय' म्हणून मी 'मेले डुम' असं ओरडलो. 'डु' म्हणजे खाणं. यातला 'ड' जवळजवळ आपलाच. शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी विचारलं, ''नु' कुठाय?' नु म्हणजे वस्तू. एवेत नुसतं खाता येत नाही, काहीतरी खावंच लागतं. मग म्हणालो, 'मेले डुम नु'. तेही चूक! 'मेले नु डुम' हवं. एरवी 'डु नु', पण क्रिया चालू असली की नाम क्रियापदाच्या आधी येऊन बसतं. 'फो नु'चंही तसंच. इथला 'नु' वेगळ्या सुराचा, म्हणजे तोंड; 'फो' म्हणजे मारणं, आणि तोंड मारणं म्हणजे बोलणं. बोलतोय? 'मेले नु फोम'. एकच शब्द असता तर असा उलटला असता का?

परत येऊन एम.ए.च्या प्रबंधात हेच मांडलं. परीक्षकांचा लाल शाईत शेरा: 'हा कोशाचा प्रश्न, वाक्यरचनेचा नाही.' तोंडी परीक्षेत मी गप्प बसलो, ते अजून सलतं. मराठीतच बघा ना: 'त्याने हाक मारली', 'त्याने फोन केला'. क्रियापद त्या नामाचं लिंग घेतं, म्हणजे नाम वाक्यात जिवंत आहे. एवेत लिंग नाही, म्हणून तिथे क्रम बघायचा.

आकान या दुसऱ्या क्वा भाषेत तर आणखी सोपं. आभार मानायला 'मेदा वो आसे'. 'दा' पडून राहणं, 'आसे' खाली, आणि 'वो' म्हणजे तुला, बरोबर मधे. (घाईत 'मेदासे' होतं, ते सोडा.) एवेत तोच माणूस शेवटी जातो: 'मेदा आक्पे ना वो'.

अर्थ मात्र जोडीचाच असतो, त्यामुळे कोशात नोंद लागतेच. तेवढं परीक्षकांचं बरोबर होतं. शिवाय जोडीचं नाम झालं की तो खरंच एक शब्द होतो, जसं 'नुडुडु', म्हणजे अन्न. आणि या कसोट्या एवे नि आकानच्या आहेत. गा, फोन या इतर क्वा भाषांसाठी त्या त्या भाषेतली वाक्यंच तपासा.

तुमच्या निबंधात 'मेदा वो आसे' पहिल्याच पानावर टाका. कोणी कोशाकडे बोट दाखवलं, तर कोशातल्या नोंदीत 'वो' कुठे लिहायचा, ते त्यांनाच विचारा. मी तेव्हा विचारायला हवं होतं.